चावीचा मेट्रोनोम की फोनवरचा?

मेट्रोनोम म्हणजे ठरवलेल्या लयीत टिक-टिक ठोके देणारं यंत्र. माझ्या गिटारच्या सरावासाठी आमच्या घरी चावीचा आधी आला, फोनवरचा नंतर. तेव्हा माझा जीव पहिल्यावर जास्त असायला हवा होता.

त्याचं कौतुक आधी करून टाकतो. दांडी इकडून तिकडे जाताना दिसते, त्यामुळे दोन ठोक्यांमधली जागा डोळ्यांनाही कळते. ६० ला (मिनिटाला ६० ठोके) एका ठोक्यात चार नोट्स, म्हणजे तबल्याच्या भाषेत चौगुन, मी ती दांडी बघतच बसवली. फोनचा टिक ऐकू येतो तोवर होऊन गेलेला असतो. आता त्याला सपाट जागा लागते हे खरं. आमचं टेबल जरा कललेलं, त्यावर तो टिक-टॉऽक, टिक-टॉऽक असा लंगडायचा. पायाखाली बसचं तिकीट दुमडून घातलं तेव्हा सरळ झाला.

बिनसलं ते दांडीमागच्या आकड्यांच्या पट्टीवरून, जिथे दांडीवरचं वजन खाचेत सरकवून लय लावतात. १२०, १२६, १३२, १३८, १४४ आणि पुढे थेट १५२. माझा ऑल्टरनेट पिकिंगचा (पिक, म्हणजे तार छेडायची चकती, एकदा खाली एकदा वर) एक पाठ १४४ ला चौगुनीत स्वच्छ वाजायचा, म्हणजे सेकंदाला साडेनऊच्या वर नोट्स. १५२ लावलं की तिसऱ्या तारेवरून दुसरीवर येताना पिक हमखास अडकायचं. अर्ध्या लयीवर लावून पाहिलं, तर तिथे ७२ नंतर ७६. दुप्पट केली की पुन्हा तीच उडी! वजन दोन खाचांच्या मधे टेकवायला गेलो, ते सरकून १५२ वरच बसलं. तीन आठवडे असे गेले.

मग फोनवर १४६ लावलं. दोन दिवसांनी १४८. दहा-बारा दिवसांत १५२ ला पिक अडकेनासं झालं. आठची उडी एकदम मारणारेही असतील, माझ्या मनगटाला ते झेपलं नाही इतकंच.

फोनचीही कटकट आहेच. मधेच कोणाचा तरी ‘सुप्रभात’ टपकतो, म्हणून विमान मोड लावूनच बसायचं. ब्लूटूथ हेडफोनवर स्क्रीनवरचा दिवा आणि कानातला ठोका जुळत नाहीत, तेव्हा दिव्याकडे बघू नका. आणि कोणी ‘माझा स्पीड १६०’ म्हणालं तर ठोक्याला नोट्स किती ते विचारा. दोन असतील तर ते ८० ची चौगुन झालं.

चावीचा कोणी महिनाभर वापरायला देत असेल तर जरूर आणा, संथ लयीसाठी. विकत मात्र मी तरी पुन्हा घेणार नाही.