ठकाच्या मेलला उत्तर: त्याला खेळवत ठेवावे की नोंद करून मोकळे व्हावे?

नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून ‘४१९’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कोट्यवधी डॉलरच्या बेवारस संपत्तीचे आमिष दाखवणाऱ्या मेलला दोन प्रकारे तोंड देता येते. पहिला मार्ग म्हणजे भोळेपणाचे सोंग घेऊन ठकाला आठवडेच्या आठवडे खेळवत ठेवणे. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ले यांनी २०१२ साली असे मांडले की हा मजकूर अविश्वसनीय असणेच ठकाच्या पथ्यावर पडते, कारण त्यामुळे शंकेखोर माणसे आपोआप गळतात आणि त्याचे श्रम फक्त सहज फसणाऱ्यांवर खर्च होतात. म्हणजेच न फसणाऱ्याने दिलेले प्रत्येक उत्तर या हिशेबावरच घाव घालते. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो. तरीही उत्तर देताच आपला पत्ता वापरात असल्याचे ठकाला कळते, आणि नेहमीच्या पत्त्यावरून लिहिले (बरेच जण तसेच लिहितात) तर नावही उघड होते.

दुसरा मार्ग, मेल ‘स्पॅम’ म्हणून नोंदवण्याचा, क्षणभराचा आहे आणि त्या नोंदीमुळे मेलसेवेची गाळणी इतरांसाठीही सुधारते. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी निःशंकपणे हाच मार्ग सांगेन. पैसे गेलेच असतील, तर भारतात विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.