व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस की इन्स्टा स्टोरी? घरगुती धंद्याला काय बरं

पुरणपोळीच्या ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंनी विचारलं, रोज दोन्हीकडे टाकायला वेळ नाही, एकच ठेवू तर कुठलं? दोन्ही २४ तासांत गायब आणि दोन्ही फुकट, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही.

खरा फरक बघणाऱ्यांचा. स्टेटस दिसायला तुमचा नंबर गिऱ्हाईकाकडे आणि त्याचा तुमच्याकडे सेव्ह पाहिजे, म्हणजे लोक ओळखीचेच, पण तेच लोक खाली रिप्लाय करून "उद्या १० पोळ्या ठेवा" म्हणतात आणि ऑर्डर तिथेच पक्की. स्टोरी पब्लिक अकाउंट असेल तर अनोळखी माणूसही बघतो, गिऱ्हाईकाने त्याच्या स्टोरीत आपल्याला टॅग केलं की ती आपल्या स्टोरीत परत लावता येते, शिवाय पोल टाकून "गूळ की साखर" विचारता येतं. पण भाव विचारून गप्प बसणारे तिकडेच जास्त, हे माझं मत!

मेहनत? स्टेटसला तव्यावरची फुगलेली पोळी, भाव आणि "आज ५ पर्यंत सांगा" एवढं बास. स्टोरीला जरा नटवावं लागतं, पण हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या गोलात, ठेवली तर मेनूकार्डासारखी टिकते. स्टेटसला ती सोय नाही. आणि ब्लू टिक बंद ठेवणारे स्टेटस बघूनही यादीत दिसत नाहीत, तेव्हा व्ह्यूज कमी म्हणून खट्टू होऊ नका.

सोसायटीतली, रोजची गिऱ्हाईकं असतील तर स्टेटस. केक, दागिने, साड्या असं दिसण्यावर विकणारं आणि कुरियरने जाणारं असेल तर स्टोरी. ताईंना मी स्टेटसच सांगितलं.