कोंबड्यांसाठी पक्के खुराडे की फिरता पिंजरा?

परसात आठ-दहा गावरान कोंबड्या पाळायच्या तर निवाऱ्याचे दोन प्रकार समोर येतात. एक, जागेवर बांधलेले खुराडे आणि त्याला लागून जाळीचे आवार. दुसरा, रोज पुढे सरकवायचा बिनतळाचा पिंजरा. घर कोकणात असेल आणि कोंबड्या बारमाही ठेवायच्या असतील तर आम्ही पक्के खुराडेच सुचवू. कारणे दोन, मुंगूस आणि पाऊस.

मुंगूस भरदिवसा येते, त्यामुळे नुसते रात्री दार लावून भागत नाही. आवाराला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. षटकोनी भोकांची चिकन जाळी स्वस्त असते, पण कुत्रा ती फाडतो, उंदीर आणि लहान साप तिच्या भोकांतून सहज शिरतात. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंच भोकांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली ताठ जोडतारेची जाळी, लावा. त्याच्या वर चिकन जाळी चालते. पैसे वाचवायचेच तर रंगात वाचवा, इथे नको. जाळी फूटभर जमिनीत गाडायची. कातळावर चर खणता येत नाही, तिथे ती बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी अंथरून वर चिरे रचा. उकरणारे जनावर भिंतीच्या कडेलाच उकरते आणि तिथे त्याला जाळी लागते.

दहा कोंबड्यांना ६ × ४ फुटांचे खुराडे आणि १० × १० फुटांचे आवार पुरते. तळ जमिनीपासून दोन फूट उंच घ्या. नैर्ऋत्येची बाजू पूर्ण बंद ठेवा, समोरच्या बाजूला छपराखाली वाऱ्यासाठी जाळी ठेवा आणि पत्रा दोन फूट पुढे काढा. बसायच्या दांड्याला प्रत्येकी आठ इंच जागा लागते, म्हणजे सहा फुटांचे दोन दांडे. ते एकाच उंचीवर लावा. वर-खाली लावले की वरच्या दांड्यासाठी भांडणे होतात आणि खालच्यांच्या अंगावर विष्ठा पडते. अंड्यांचे खोके एक फूट लांब-रुंद, तीन पुरे, पण दांड्यापेक्षा खाली. उंच असले तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

पक्क्या आवाराचा दोष जमिनीत आहे. गवत थोड्याच दिवसांत संपते, पावसात चिखल होतो आणि ओलाव्यात रक्ती हगवण पसरते. आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून वापरा, सुका पाला टाकत राहा. खुराड्यात भाताचे तूस तीन-चार इंच पसरा आणि आठवड्यातून दोनदा वर-खाली करा. नाकाला झोंबणारा वास आला की तूस ओले झाले समजा. भिजलेले काढून कोरडे घाला. लाकडाच्या फटी बुजवून टाका, गोचीड दिवसा तिथेच लपतात.

फिरत्या पिंजऱ्यात यातली बरीच कटकट नाही. ८ × ४ फुटांच्या पिंजऱ्यात चार-पाच कोंबड्या मावतात. रोज नवे गवत आणि किडे मिळतात, थोडे खाद्य वाचते, खत थेट बागेत पडते, एकाच जागी जंत साठत नाहीत. नारळाच्या किंवा आंब्याच्या बागेत सपाट, निचऱ्याची जमीन असेल तर उत्तम. उंचसखल जागी मात्र कडेखाली फट राहते आणि मुंगसाला तेवढी पुरते. चौकट लोखंडी पाइपची केली तर सरकवायला दोन माणसे लागतात. बांबूची हलकी, पण वाऱ्याने उलटते, म्हणून चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका. आणि रोज म्हणजे रोजच सरकवावा लागतो. नोकरीमुळे सकाळी घाई असेल तर हा प्रकार निवडू नका.

घाटावरच्या कोरड्या भागात निवड इतकी एकतर्फी नाही. तिथे उन्हाळा जास्त छळतो. पक्क्या खुराड्याच्या पत्र्यावर पेंढा किंवा उसाचे पाचट घालून ते घट्ट बांधता येते. फिरता पिंजरा झाडाच्या सावलीत नेला की काम भागते. जागा आणि हात दोन्ही असतील तर रात्रीसाठी पक्के खुराडे बांधा आणि दिवाळीपासून मेअखेरपर्यंत दिवसा पिंजरा फिरवा. जून लागला की पिंजरा धुऊन, वाळवून छपराखाली टांगून ठेवा.