कोल्हापूरचं लोकअभिरक्षक कार्यालय : भावाच्या केसमधला आमचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(2) खाली गुन्हा दाखल झाला. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी मारामारी झाली, त्यांच्या हाताचं हाड मोडलं आणि फिर्यादीत लोखंडी गज आला. त्याच रात्री अटक. दुसऱ्या दिवशी 24 तासांच्या आत त्याला कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात हजर केलं.

कोर्टाच्या आवारात एका खासगी वकिलांनी "आठ दिवसांत बाहेर काढतो" म्हणून आधी जी रक्कम सांगितली, ती माझ्या शिलाईकामातून वर्षभरातही उभी राहिली नसती. तेवढ्यात मॅजिस्ट्रेट साहेबांनी भावाला विचारलं, वकील आहे का? नाही म्हटल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे आरोपीला मोफत वकील देणाऱ्या कार्यालयातल्या, एक वकील मॅडम उभ्या राहिल्या. तेव्हापासून केस त्यांच्याकडे आहे, आणि आम्ही फी म्हणून एक रुपयाही दिलेला नाही.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, फुकटचा वकील मन लावून काम करणार नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

मॅडमनी पहिल्याच भेटीत मला खाली बसवून एफआयआर ओळीनं वाचून दाखवली. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत. नुसत्या हातानं झाली असेल तर कलम 117(2), जास्तीत जास्त 7 वर्षं शिक्षा, आणि गुन्हा जामीनपात्र. तीच दुखापत जिवावर बेतू शकणाऱ्या हत्यारानं झाली तर 118(2), शिक्षा 1 वर्षापासून जन्मठेपेपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे सगळी केस त्या गजावर उभी. गज जप्त झाला का, पंचनामा कुठं झाला, पंच कोण, डॉक्टरांच्या दाखल्यात इजा कशानं झाली असं लिहिलंय, हे त्यांनी लगेच तपासायला घेतलं. "बेल करू" एवढंच सांगून मोकळं होणारे वकील मी त्या आवारात पाहिले, म्हणून याचं मोल मला कळतं.

आईला सगळ्यात मोठी भीती होती ती भावानं पोलिसांपुढं कबुली दिल्याची. मॅडम म्हणाल्या, "काकू, पोलिसांपुढचा कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण त्यानं दाखवलेल्या जागेवरून वस्तू निघाली, तर तेवढा भाग वापरता येतो. यापुढं गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे." आई त्या रात्री पहिल्यांदा जेवली.

जामीन मॅजिस्ट्रेट कोर्टात फेटाळला गेला. मॅडमनी सत्र न्यायालयात अर्ज टाकला, पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं आलं आणि जामीन झाला. अटी कडक आहेत : दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी, आणि आमच्या बोळात पाऊल टाकायचं नाही. भाऊ आता उचगावला आत्याकडे राहतो. इथंही जामीन झाला नसता तर उच्च न्यायालय होतंच. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, कोल्हापुरातच सुरू आहे.

त्रासही सांगते. वकील आपल्याला निवडता येत नाही. मॅडमकडे केसेस खूप, कोर्टाच्या वेळेत फोन उचलत नाहीत, दाराबाहेर ताटकळावं लागतं. जामीनदार आणि त्याचे कागद जमवायची धावपळ आपलीच. माझा एक दिवस तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठीच गेला. शिवाय हे कार्यालय फक्त आरोपीच्या बाजूनं उभं राहतं. फिर्यादीला किंवा जमिनीच्या दाव्याला मदत हवी असेल तर प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

असा मोफत वकील कुणाला मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतली व्यक्ती, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. घरच्या कुणाला उचललं असेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन लावा किंवा सरळ न्यायसंकुलात जा. गुन्ह्याचा नंबर, कलमं आणि पोलीस ठाण्याचं नाव कागदावर लिहून न्या, तिथं पहिला प्रश्न तोच असतो.

आमची चार्जशीट आली आहे, तिची प्रतही कोर्टातून मोफतच मिळाली. आरोप निश्चित व्हायचे आहेत. एक्स-रेचा रिपोर्ट आणि पंचांचे जबाब मॅडमनी वेगळे काढून घेतलेत. गजाचा मुद्दा उलटतपासात तिथूनच काढायचा, असं त्यांनी ठरवलं आहे.