अ‍ॅबॅकसचा क्लास की घरची संध्याकाळ?

मूल पहिली-दुसरीत गेलं की नाशिकमधल्या आईबाबांना हा प्रश्न पडतोच. गंगापूर रोडला, इंदिरानगरला अ‍ॅबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या, क्लासचे बोर्ड दिसतात, शेजारची मुलं जायला लागतात आणि आपलं मागे तर पडणार नाही ना, अशी धाकधूक सुरू होते. तोच वेळ घरी वाचनात आणि गप्पांत गेला तर? संध्याकाळ एकच असते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू.

अ‍ॅबॅकसच्या पाटीवर प्रत्येक काडीला वर एक मणी असतो, किंमत ५. खाली चार, प्रत्येकी १. ८ मध्ये ७ मिळवायचे तर मूल खालचे तीन मणी काढतं आणि दशकाच्या काडीवर एक चढवतं. झाले १५. सात मिळवायचे म्हणजे दहा द्यायचे आणि तीन परत घ्यायचे, हे आधी बोटांना कळतं. पुढे पाटी बाजूला ठेवून मूल तेच मणी मनात हलवतं. हे कौशल्य खरं आहे आणि ते आलेल्या मुलाचं आकड्यांचं भय जातं.

पण जाहिरात म्हणते, स्मरणशक्ती वाढेल, बुद्धी वाढेल. इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, बडोद्याला, संशोधकांनी मुलांचे दोन गट पाडून तीन वर्षं हेच तपासलं. एका गटाला अ‍ॅबॅकस, दुसऱ्याला तेवढेच जादा तास नेहमीचं गणित. २०१६ साली निष्कर्ष छापून आले: अ‍ॅबॅकसवाली मुलं आकडेमोडीत थोडी पुढे गेली, स्मरणासारख्या बाकीच्या क्षमतांत मात्र फरक पडला नाही. म्हणजे आकडेमोड हवी असेल तर क्लास लावा, सगळी बुद्धीच वाढावी म्हणून लावू नका. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या क्लासच्या तर वाटेलाही जाऊ नका.

घरच्या पारड्यात पहिलं वजन बोलण्याचं. २०१८ साली अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की मुलाच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी त्याची किती देवाणघेवाण झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जास्त संबंध होता, मग घरची मिळकत कितीही असो. नुसतं ‘अभ्यास झाला का?’ विचारून ही देवाणघेवाण होत नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मुलाला बरोबर न्या. मेथीची जुडी २० ला, तीन घेतल्या तर ५०. आपल्या घरी दोनच संपतात, तर काय घ्यायचं? मूल आधी म्हणेल तीन, स्वस्त पडतात. मग तिसरी वाया जाईल हे सुचेल, मग शेजारच्या आजींना देऊ म्हणेल. गणित, शब्द आणि विचार, सगळं त्या दोन मिनिटांत झालं. रात्री गोष्ट वाचतानाही मध्येच थांबून ‘आता हा काय करेल?’ एवढं विचारा. पुस्तकांची ददात नाशिकला नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. पुस्तक मात्र मुलाला निवडू द्या. आणि बोला घरच्याच भाषेत, मोडक्या इंग्रजीत नको.

घरच्या पर्यायाची उणीवही मोठी आहे: तो रोज राहून जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट करून आठला घरी येणाऱ्याला हे सांगणं सोपं, करणं अवघड. क्लासची वेळ ठरलेली असते आणि फी भरलेली असल्याने मूल जातं. अशा घरी मोबाइलपेक्षा क्लास कधीही बरा, पण निजताना दहा मिनिटं गोष्टीची राखाच.

मूल सहा ते आठ वर्षांचं असेल आणि क्लास आणि घर यांपैकी एकच जमणार असेल, तर मी निःशंकपणे घर निवडेन. आकड्यांची गोडी असलेल्या मुलाला क्लास जरूर लावा, फक्त त्यापायी झोप नऊ तासांखाली जायला नको. वर्षाची फी एकदम भरू नका. महिनाभर पाठवा आणि घरी आल्यावर मूल आपणहून पाटी काढतं का ते बघा.