प्रतवारी केंद्रांचे ट्रेस लॉग थेट नागपुरात : ‘आयरोह’ वापरून पाहताना

काटोल आणि कळमेश्वर भागातील संत्रा प्रतवारी केंद्रांवर आमची वजनाची व प्रतवारीची संगणकप्रणाली चालते, आणि तिचे ट्रेस लॉग, म्हणजे ती टप्प्याटप्प्याने काय करते याच्या नोंदी, नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कमधील आमच्या सर्व्हरवर आणण्यासाठी आम्ही ‘आयरोह’ ही रस्ट भाषेतील मुक्त स्रोत लायब्ररी वापरतो. केंद्रे मोबाइल सिमच्या इंटरनेटवर असतात आणि आमचा सर्व्हरही कार्यालयाच्या राउटरमागे, स्थिर आयपी पत्त्याशिवाय आहे. दोन्ही टोके अशी झाकलेली असताना ही लायब्ररी जे काम करते, त्यासाठी मी ती नि:संकोच सुचवीन.

आयरोहमध्ये यंत्राची ओळख आयपी पत्त्यावर नव्हे, तर ३२ बाइटच्या सार्वजनिक किल्लीवर (कूटलेखनातील ‘पब्लिक की’) ठरते. केंद्रातील प्रणाली सर्व्हरची किल्ली घेऊन जोडणी मागते. दोन्ही राउटरांतून थेट वाट काढण्याचा प्रयत्न होतो आणि ती न मिळाल्यास माहिती रिले सर्व्हरमार्गे, म्हणजे दोन्ही टोकांमधील दुवा बनणाऱ्या सर्व्हरमधून, जाते. संपूर्ण वाहतूक क्विक या इंटरनेटवरील वाहतुकीच्या प्रोटोकॉलवर कूटबद्ध असल्यामुळे रिलेला मजकूर वाचता येत नाही. सर्व्हरवर आम्ही फक्त नोंदवलेल्या किल्ल्या स्वीकारतो, त्यामुळे एखाद्या केंद्राचा संगणक हरवला तर यादीतून त्याची किल्ली काढली की पुरते. पोहोचलेले लॉग त्याच यंत्रावरील ओपनटेलिमेट्री कलेक्टरला (लॉग गोळा करणारा मुक्त स्रोत प्रोग्राम) ४३१७ क्रमांकाच्या पोर्टवर दिले जातात, आणि तो पोर्ट बाहेरच्या जगाला कधीच उघडावा लागत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती दोन्ही दिशांनी चालणारी जोडणी. आंबिया बहाराच्या गर्दीत एखाद्या काट्याचे आकडे अडखळू लागले, तर त्याच जोडणीवरून आम्ही त्या केंद्राची लॉगपातळी (नोंदी किती सविस्तर हव्यात ते) तेवढ्यापुरती वाढवतो आणि काम झाले की पुन्हा उतरवतो. एरवी सविस्तर ट्रेस सतत पाठवून सिमचा डेटा खर्ची घालावा लागला असता.

मात्र आयरोह केवळ वाहतूक करते, हे घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. नेटवर्क गेल्यावर लॉग डिस्कवर साठवणे, नेटवर्क परत आल्यावर ते क्रमाने पाठवणे आणि सर्व्हरकडून पोच मिळाल्याशिवाय साठा न पुसणे, हे सारे स्वतः लिहावे लागते. कारण जोडणीत मजकूर लिहिला गेला म्हणजे तो पलीकडच्या डिस्कवर उतरला, असे होत नाही. सर्व्हर मंदावला की प्रवाहनियंत्रणामुळे पाठवणाऱ्यालाही थांबावे लागते. हे थांबणे वजनाच्या मुख्य कामापर्यंत पोहोचता कामा नये, म्हणून मध्ये मर्यादित लांबीची रांग असावी आणि ती भरली की आधी डीबग पातळीच्या, म्हणजे दोष शोधण्यापुरत्या बारीक, नोंदी टाकून द्याव्यात. चुकांच्या नोंदींसाठी आम्ही वेगळा स्ट्रीम (त्याच जोडणीतील स्वतंत्र प्रवाह) ठेवला आहे, कारण क्विकमध्ये एका स्ट्रीमचे पॅकेट हरवले तरी दुसरा अडत नाही.

आणखी एक बाब सुरुवातीलाच हाताळावी. आयरोह स्वतःच्या नोंदीही रस्टच्या ‘ट्रेसिंग’ व्यवस्थेतूनच करते, त्यामुळे सरसकट सर्व लॉग पाठवले तर प्रत्येक पाठवणीतून नव्या नोंदी तयार होतात आणि त्यांचीही पाठवणी सुरू होते. तिच्या नोंदी गाळणीने वगळून स्थानिक फाइलमध्येच ठेवाव्यात. जोडणी तुटल्याचे कारण शोधायचे असते तेव्हा नेमकी तीच फाइल कामी येते.

ज्यांच्याकडे सार्वजनिक पत्ता असलेला क्लाउड सर्व्हर आहे आणि ज्यांना लॉग फक्त एकाच दिशेने हवे आहेत, त्यांना एचटीटीपीएसवरील ओटीएलपी (ओपनटेलिमेट्रीचा लॉग पाठवण्याचा प्रोटोकॉल) अधिक सोपे पडेल आणि त्यांनी तेच वापरावे. आमच्यासारखी स्थिती असणाऱ्यांनी आयरोह घ्यावी. परवाना एमआयटी किंवा अपाचे २.० असल्यामुळे शुल्काचा प्रश्न येत नाही. निर्मात्यांनी चालवलेले सार्वजनिक रिले चाचणीसाठी चांगले आहेत, पण त्यांच्यावर वेगमर्यादा असते. म्हणून हंगामाच्या कामासाठी सार्वजनिक पत्त्याच्या एखाद्या लहान यंत्रावर स्वतःचा रिले उभारावा आणि तेवढा मासिक खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.