आठ महिने ऑटो कंट्रोलर वापरल्यावर: घोळ एका सेटिंगमध्ये होता

गेल्या महिन्यात मध्यरात्री लाइट गेली. जनरेटरने एकदा सेल्फ मारला, घरघरला आणि गप्प झाला. लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या कंट्रोलरवर 3 प्रयत्नांचं सेटिंग मी स्वतः केलेलं होतं, तरी दुसरा प्रयत्न झालाच नाही. अंधारात जाऊन पॅनल उघडलं, तर स्क्रीन चालू होती, पण मोड ‘ऑटो’ऐवजी ‘स्टॉप’वर! कोणी हातही लावला नव्हता.

सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला, कंट्रोलर गेला, नवा घ्या. मीही तेव्हा इतका चिडलो होतो की या वस्तूबद्दल चार वाईट शब्द लिहायला बसलो होतो. पण आठ महिन्यांत भंगार होण्याइतकं ते यंत्र स्वस्त नाही, म्हणून आधी मल्टिमीटर काढला.

बॅटरी नुसती उभी असताना 11.8 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताच व्होल्टेज 7च्या खाली. या कंट्रोलरला चालायला किमान 8 लागतात. म्हणजे तो सेल्फच्या झटक्याने बंद पडून पुन्हा सुरू होत होता, आणि सुरू झाल्यावर कोणत्या मोडमध्ये यायचं याचं सेटिंग कंपनीतून ‘स्टॉप’वर आलं होतं. मेनूत अगदी आत दडलेली ती एक ओळ. बसवणाऱ्याने पाहिली नाही, मीही नाही. ती आधी ‘ऑटो’ करा, बाकी सगळं नंतर.

बॅटरी का उतरली? लाइट असताना कंट्रोलर दिवसरात्र बॅटरीवरच जागा असतो. मी मोजला तर 90 मिलिअँपिअर घेत होता. दिवसाला 2 अँपिअर-अवरच्या वर, महिन्याला 65च्या आसपास. इंजिनचा अल्टरनेटर बॅटरी भरतो, पण इंजिन चाललं तर ना! त्या आधीचा महिनाभर लाइट गेलीच नव्हती. मेन्सवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइटवर चालणारा, बॅटरी सतत भरलेली ठेवणारा फ्लोट चार्जर पॅनलमध्ये हवाच होता. बसवताना ‘नंतर बघू’ म्हणून मीच तो खर्च टाळला होता. आता चार्जर आहे, बॅटरी 13.6वर टिकून असते. जुनीच बॅटरी आहे, बदलावी लागली नाही.

आणखी एक. कंट्रोलरचा सप्लाय सेल्फ मोटरच्या टर्मिनलवरून बारीक वायरने घेतला होता. सेल्फच्या जाड केबलमध्येही झटक्याला व्होल्टेज पडतं, ती सगळी घट कंट्रोलरच्या वाट्याला यायची. आता फ्यूज घालून थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून वेगळी जोडी ओढली आहे.

बाकी काम चोख. लाइट गेल्यावर 5 सेकंद थांबतो, इंजिन चालू होऊन व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी जमली की मगच लोड देतो. लाइट परतल्यावर लगेच उडी मारत नाही, 60 सेकंद खात्री करतो, मग इंजिनला लोडशिवाय 2 मिनिटं गार होऊ देतो. मेन्स आणि जनरेटरचा लोड जोडणाऱ्या दोन कॉन्टॅक्टरमध्ये (मोठ्या स्विचमध्ये) मेकॅनिकल इंटरलॉक, म्हणजे एक लागलेला असताना दुसरा लागूच न देणारा अडसर, आहे की नाही, हे मात्र बसवतानाच डोळ्यांनी पाहून घ्या. नुसत्या प्रोग्रॅमवर भरवसा ठेवून मेन्स आणि जनरेटर आमनेसामने आणण्याची जोखीम घेऊ नका.

आता दर रविवारी मेन्स सेन्सिंगचा, म्हणजे लाइट आहे की नाही हे कंट्रोलरला कळवणाऱ्या वायरचा, फ्यूज काढून खरी लाइट गेल्यासारखी चाचणी घेतो. नुसतं ‘टेस्ट’ बटण दाबलं तर सेन्सिंगची बाजू तपासलीच जात नाही.

एक तक्रार अजून आहे. बॅटरी उतरल्याचा इशारा त्या रात्रीच्या चार दिवस आधीपासून नोंदींमध्ये होता, पण बंद पॅनलच्या आत स्क्रीनवर. अलार्मचा आउटपुट रिकामाच आहे. त्यावरून दाराशी हॉर्न जोडायचं काम या आठवड्यात करतो आहे.